काळोख्या नादाचे श्रवण

इंदूरच्या लालबाग राजवाड्यातील नृत्यदालनाची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसविलेली असून, तिच्यावर पाऊल टाकणाऱ्याला किंचित उसळी मिळावी अशी तजवीज तीत मुद्दाम केलेली आहे. १८८६ पासून १९२१ पर्यंत, खान नदीच्या काठी, होळकरांच्या अंमलात टप्प्याटप्प्याने उभा राहिलेला हा वाडा, लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर इंग्लंडात ओतवून आणलेले त्याचे फाटक आणि हे उसळते दालन पाहिले म्हणजे, पाश्चात्य संगीताला आपल्या दरबारांत कोणते स्थान होते हे सहज ध्यानी येते: ते सरंजामाचे एक अंग होते, पाहुण्यांच्या मनोरंजनाचे साधन होते, आणि त्याचे पहिले नाते पायांशी होते. पुढच्या पिढीत अभिरुचीने वळण घेतले. यशवंतराव होळकरांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग हा निराभरण, सरळ रेषांचा महाल सजवून घेतला आणि ब्रांकुशी या शिल्पकाराचे पक्षी, ज्यांना पंखही नाहीत आणि चोचही नाही, इंदूरसाठी खरेदी केले. अलंकाराकडून आकाराच्या गाभ्याकडे जाण्याचा हा प्रवास या शहराने एकाच शतकात, थोड्याच अंतरावरच्या दोन वास्तूंत पाहिला आहे, हे येथे प्रारंभीच नमूद करणे अवश्य आहे; कारण ज्या संगीताविषयी मला लिहावयाचे आहे तेही नृत्यदालनातून बाहेर पडून, नादाचा उघडा सांगाडा शोधीत गेलेले संगीत आहे.

लालबागच्या परिसरात राहून, रात्री रहदारी ओसरल्यावर, मी जे संगीत मनःपूर्वक ऐकतो त्याला प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक, पोस्ट-पंक, डार्क अशी नाना नावे आहेत. इंग्लंडात १९७६-७७ साली उसळलेल्या पंक संगीताच्या बंडाचा पहिला भर ओसरल्यावर, त्या बंडाने मिळविलेली मोकळीक कायम ठेवून आणि त्यातील नुसता कोलाहल टाकून, ज्या तरुणांनी गिटार, ड्रम आणि विद्युत्-यंत्रे यांच्याकडे नव्या दृष्टीने पाहिले, त्यांच्या निर्मितीपासून या परंपरेतील मोठा भाग निघाला. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या चौघांच्या वृंदाची 'अननोन प्लेझर्स' ही तबकडी जून १९७९ मध्ये निघाली, आणि तिच्यात या साऱ्या परंपरेचे मर्म एकवटले आहे असे मी मानतो. येथे सुरावट पुष्कळदा बेस गिटार वाहते आणि मुख्य गिटार मधूनच एखादा ओरखडा काढून मागे सरते. मार्टिन हॅनेट या निर्मात्याने प्रत्येक आघात इतरांपासून अलग करून, यंत्राने त्याचा विलंबित प्रतिध्वनी निर्माण करून, प्रत्येक ध्वनीभोवती एक पोकळी उभी केली आहे, आणि ऐकणाराचे लक्ष हळूहळू ध्वनीवरून त्या पोकळीकडे जाते. काळ्या वेष्टनावर पांढऱ्या रेषांनी काढलेला आलेख १९६७ साली सापडलेल्या पहिल्या स्पंदक ताऱ्याच्या रेडिओ-लहरींचा आहे. तबकडीच्या दोन बाजूंना अनुक्रमे 'बाहेर' आणि 'आत' अशा अर्थाची नावे दिली आहेत, आणि तो क्रम पाळून ऐकणाराला ती नावे सार्थ वाटतात.

असे संगीत माळव्यातील मराठी माणसाने का ऐकावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि त्याचे उत्तर मला याच मातीत मिळाले. उस्ताद अमीर खाँ यांची जडणघडण इंदुरात झाली. त्यांचे वडील शाहमीर खाँ येथे सारंगी आणि बीन वाजवीत. अमीर खाँसाहेबांनी खयालाची लय इतकी मंद केली, चौदा मात्रांच्या झुमऱ्यातून स्वरांना इतके सावकाश चालविले, आणि दाद मिळविण्याच्या ठरीव युक्त्यांना इतका निग्रही नकार दिला की, प्रथम ऐकणाराला त्या गाण्यात काहीच घडत नाही असा भास व्हावा. त्यांची मारवा आणि दरबारी या दोन रागांची लाँग-प्ले तबकडी रसिकांच्या घरांतून आजही जपलेली आढळते. मारव्यात पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि ज्या षड्जावर विसावण्यासाठी कान आसुसलेला असतो तो षड्ज गायक पुनःपुन्हा टाळीत जातो, त्यामुळे सूर्यास्ताच्या त्या रागात एक अस्वस्थ, अधांतरी अवस्था निर्माण होते आणि गायक ती लवकर मिटू देत नाही. ज्याने हा मारवा एकदा मन लावून ऐकला आहे, त्याने विश्रांती लांबणीवर टाकणाऱ्या संगीताची दीक्षा घेतलीच आहे. मँचेस्टरच्या त्या तबकडीकडे वळताना त्याला परमुलखात गेल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. मंद गतीला संमती देणे, पोकळी सहन करणे आणि सांत्वनाची घाई न करणे, ही श्रोत्याची तिन्ही कर्तव्ये त्याला परिचित आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जगात दुःखाची वाण नसताना विषण्ण, भयाण नाद हौसेने का ऐकावा? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रसांची गणना केली तेव्हा शृंगार-हास्यांच्या पंक्तीत करुण, भयानक आणि बीभत्स यांनाही बसविले, आणि करुणापासून आनंद कसा होतो या प्रश्नावर आपल्या साहित्यमीमांसकांनी पिढ्यानपिढ्या वाद घातला. मराठीत तर याच काळोख्या जाणिवेचा एक समर्थ पूर्वज आहे. बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ साली निघाला; महानगर, यंत्र, गर्दी आणि त्यांत चिरडले जाणारे मन यांना त्यांनी संतांच्या अभंग-ओवीच्या छंदांत आणून बसविले, आणि त्यापायी त्यांना अश्लीलतेच्या खटल्यालाही सामोरे जावे लागले, ज्यातून ते निर्दोष सुटले. जुन्या छंदाची शिस्त आणि नव्या युगाचा खरखरीत ऐवज यांची ती गाठ मला पश्चिम बर्लिनच्या आइनश्टुर्झेंडे नॉयबाउटेन या वृंदाच्या 'कोलाप्स' या १९८१ सालच्या तबकडीतही दिसते, जिच्यात लोखंडी पत्रे, भंगार आणि बांधकामाची अवजारे हीच वाद्ये झाली आहेत. दुःखाला आकार मिळाला की ते एकट्याच्या मालकीचे राहत नाही. त्याच्याकडे पाहता येते, त्याविषयी दुसऱ्याशी बोलता येते. भयाण नादातून लाभणारा आनंद तो हाच, आणि त्यात विकृतीचा लवलेश नाही.

यंत्राचा आक्षेपही येथेच निकालात काढावा. यंत्रातून आलेला स्वर निर्जीव, परका, असे म्हणणाऱ्यांनी हार्मोनियमचा इतिहास आठवावा. युरोपातून आलेल्या या पेटीला आकाशवाणीने १९४० साली मनाई केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. परंतु त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी जे वैभव उभे केले त्यावाचून मराठी नाट्यसंगीताची कल्पनाही आपणांस करवत नाही. सिंथेसायझरची रुजवातही आपल्या देशात आपण समजतो त्यापेक्षा लवकर झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली, गीता साराभाई यांच्या पुढाकाराने, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. या गीताबाई १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये संगीतकार जॉन केज यांना हिंदुस्थानी संगीताचे पाठ देत होत्या, आणि मनाला शांत करून दैवी स्पर्शासाठी सिद्ध करणे हा संगीताचा हेतू होय, हा विचार केज यांनी त्यांच्यापासूनच घेतला. अतुल देसाई, आय. एस. मथूर, जिनराज जोशीपुरा, एस. सी. शर्मा यांनी त्या स्टुडिओत १९७२ पर्यंत केलेल्या ध्वनिफिती संस्थेच्या दप्तरात अनेक दशके पडून होत्या. २०२३ मध्ये त्या तबकडीरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत यंत्राचे कंपन स्वतःचा मार्ग शोधताना ऐकू येते, आणि तो शोध आपल्याच माणसांनी घेतलेला आहे.

मात्र राग आणि हे संगीत एकच, असे म्हणणे हा दोहोंवरही अन्याय होईल. मारवा षड्जाला टाळतो, तरी तानपुऱ्यात षड्ज अखंड नांदत असतो आणि गायक अखेरीस त्याच्याकडे परततो. या नव्या संगीतात पुष्कळदा असा आधारस्वरच नसतो, आणि परतीचे वचनही कोणी दिलेले नसते. तबकडी संपते तेव्हा श्रोता जेथे सोडला गेला तेथेच उभा असतो. ही उणीव मी मान्य करतो, आणि तरीही तिला प्रामाणिकपणा म्हणतो, कारण ज्या समाजातून हे संगीत आले त्याचा आधारस्वर खरोखरच हरपला होता. या परंपरेत पोकळ अभिनयही विपुल आहे. काळे कपडे आणि खोल आवाज म्हणजे गांभीर्य नव्हे. जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस याने अपस्मार आणि विषण्णता यांनी ग्रासलेल्या अवस्थेत मे १९८० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी आत्मघात केला. त्या मृत्यूला कलेचा मुकुट चढविणारी जी वहिवाट पडली आहे ती मला सर्वथा निषिद्ध वाटते. त्या मुलाच्या कामगिरीचे मोल त्याने गायिलेल्या स्वरांत आहे, आणि तो जगता तर ते मोल तिळमात्र घटले नसते.

हे संगीत कोठे जन्मले याचा विचार केला म्हणजे इंदूरकराला स्वतःच्या शहराकडे नव्याने पाहावे लागते. मँचेस्टर कापडगिरण्यांचे, शेफील्ड पोलादाचे. दोन्ही शहरांची कारखानदारी ढासळत असताना तेथील तरुणांनी रिकाम्या वखारी आणि निकामी यंत्रे यांच्या सान्निध्यात हा नाद घडविला. इंदूरही गिरण्यांचे शहर होते. माळवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल, कल्याणमल मिल यांच्या भोंग्यांनी या शहराचा दिवस बांधला जात असे. हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली, आणि तिच्या कामगारांच्या थकबाकीपोटी सुमारे २२४ कोटी रुपये निघण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. दरम्यान कित्येक हक्कदार निवर्तले. त्याआधी मुंबईच्या लालबाग-परळात, म्हणजे गिरणगावात, १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप पुकारला गेला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची चूल विझली. त्याच साली मुंबईतच चरणजित सिंग हे चित्रपटसृष्टीतील वादक रोलंड कंपनीची नवी यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधीत होते. ती तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही, आणि २०१० साली पुन्हा निघाल्यावर, शिकागोत १९८७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अॅसिड हाउस या नृत्यसंगीताची पूर्वखूण म्हणून जगाने तिची दखल घेतली. यंत्राने गाण्याची कला आणि यंत्र बंद पडल्याचे दुःख ही दोन्ही एकाच शहरात, एकाच वर्षी नांदत होती, परंतु त्यांची गाठ पडली नाही. गिरणगावाला अण्णाभाऊ साठ्यांसारखे शाहीर लाभले होते, म्हणून त्याच्या संघर्षाला वाणी मिळाली. परंतु भोंगा थांबल्यानंतर जी शांतता उरते तिला आवाज देणारे संगीत आपण अद्याप पुरेसे घडविलेले नाही. गिरण्यांची कैफियत न्यायालयाच्या दप्तरात आहे. ती कानांपर्यंत यावयाची आहे.

म्हणून श्रवणाची रीत मला महत्त्वाची वाटते. अशी तबकडी पहिल्यापासून अखेरपर्यंत, रचणाराने लावलेल्या क्रमानेच ऐकावी. सुमारे चाळीस मिनिटांचा तो काळ विलंबित खयालाइतकाच अखंड आहे, आणि एखादे गीत त्यातून उचलून दुसऱ्याच यादीत ढकलणे म्हणजे आलापी वगळून तराणा ऐकणे होय. पहिल्या श्रवणात बहुधा विरोध वाटतो, तो वाटू द्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कान आपोआप आघातांमधील अंतरे मोजू लागतो, खरखर आणि स्वर यांची सीमा पुसट होते, आणि जो आवाज प्रथम कर्कश वाटला होता त्यात एका माणसाचा विवेक काम करीत होता हे उमगते.

आपल्या सभोवती आज जे संगीत सहज कानी पडते ते बहुतांशी आपल्याला खूष ठेवण्याच्या कामी नेमलेले आहे, आणि खूष होण्याचीच सवय लागलेला कान हळूहळू दुसऱ्याच्या व्यथेपाशी थांबण्यास असमर्थ होतो. व्यथा ऐकताच उपदेश, तोडगा किंवा विनोद पुढे करणारी माणसे दुष्ट नसतात. अस्वस्थतेत टिकून राहण्याचा त्यांना सराव नसतो. तो सराव काळोखे संगीत देते. इंदूरच्या ज्या संगीतसभांनी विलंबित खयालासाठी श्रोते घडविले, त्यांनीच एखादी बैठक अशा तबकड्यांच्या सामुदायिक श्रवणासाठी राखून ठेवावी, तीत गिरणीत आयुष्य घालविलेल्या वृद्धांनाही अगत्याने बोलवावे आणि यंत्रांच्या नादाविषयी त्यांना प्रथम विचारावे. त्या नादाचे सर्वांत जुने जाणकार तेच आहेत, आणि या शहरात उद्या कोणी तरुण सिंथेसायझर घेऊन बसला तर त्याला आपला आधारस्वर त्यांच्या सांगण्यातून सापडण्याचा संभव सर्वांत अधिक आहे.