निरोप घेऊन निघालेल्याने थांबू नये



वैशाख शुद्ध तृतीयेला आपण बसवजयंती साजरी करतो. दोनच दिवसांनी, पंचमीला, डिचोली तालुक्यातील शिरगावी श्री लईराई देवीची जत्रा भरते. व्रतस्थ धोंड आधी काही दिवस मद्यमांस वर्ज्य करून सोवळ्यात राहतात आणि जत्रेच्या रात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात. आपण इष्टलिंगोपासक, आपला मार्ग निराळा. पण त्या व्रतातून उठणारा एक प्रश्न आपल्याही घरातला आहे. व्रताच्या दिवसांत जो दारूला शिवत नाही, त्यालाच व्रत सरल्यावर ती पुन्हा का ओढते?

कारण व्रताला शेवटचा दिवस असतो, तल्लफेला नसतो. ठरलेली वेळ, ठरलेली वाट, ठरलेली सोबत दिसली की सवयीचे मन आपोआप जागे होते. जीव कासावीस होतो आणि माणसाला वाटते, आपला संकल्पच खोटा. तसे नाही. तल्लफ येणे हा संकल्पाचा भंग नव्हे. तिच्यामागे जाणे हा भंग.

अक्कमहादेवींचे एक वचन येथे उपयोगी पडते. त्यात अक्का भूक, तहान, झोप यांना आणि काम, मोह, लोभ आदी विकारांना एकेकाचे नाव घेऊन थांबायला सांगतात. कारण एवढेच, की चन्नमल्लिकार्जुनाचे तातडीचे पत्र त्यांना पोचवायचे आहे. शेवटी 'शरणार्थी' म्हणायलाही त्या विसरत नाहीत. अक्का भूक नाकारत नाहीत, तिच्याशी झुंजतही बसत नाहीत. तिला ओळखतात आणि चालू लागतात. ज्याच्या हाती धन्याचे पत्र आहे, त्याला वाटेत वाद घालायला सवड कुठली?

तल्लफ चढते, शिगेला पोचते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. निखाऱ्यावरचा धोंड मध्येच उभा राहत नाही, पलीकडे जातो. तेवढा वेळ आपणही ओलांडावा. 'ही तल्लफ आहे' असे मनाशी म्हणावे, बसलेली जागा सोडावी, पाणी प्यावे. शक्य असेल तेव्हा इष्टलिंग करस्थळी घेऊन दृष्टी स्थिर करावी, श्वास संथ करावा. रिकामा हात जुन्या वस्तूकडे जातो. लिंग धरलेला हात जात नाही. गुत्त्यावरून जाणारी वाट मात्र काही महिने टाळावीच.

हे एकट्याने करण्याचे काम नव्हे. चित्तरगी-इलकल मठाच्या श्री महांत शिवयोगींनी १९७५ पासून झोळी घेऊन गावोगावी माणसांची व्यसनेच भिक्षा म्हणून मागितली. त्यांचा जन्मदिवस, १ ऑगस्ट, कर्नाटकात व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळला जातो. त्या झोळीत टाकलेले व्यसन चारचौघांसमक्ष टाकलेले असते. म्हणून ते परत उचलणे जड जाते. आपणही घरच्यांना, एखाद्या शरणाला सांगून ठेवावे. घरच्यांनी टोमणे न मारता त्या अर्ध्या तासाला सोबत करावी.

एक सावधगिरी. रोज पुष्कळ पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडल्यास हातपाय कापतात, फिट येते, प्रसंगी जिवावर बेतते. अशाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. औषध घेणे ही श्रद्धेतली उणीव नव्हे.

आणि कधी पाय घसरलाच, तर त्याच दिवशी उठावे. वाटेत पडलेल्या जासुदाने पत्र फेकून द्यायचे नसते; धूळ झटकून पुढे निघायचे असते.

शरणु शरणार्थी.