हल्ली मुक्काम

माणसानं घर बदललं तर मागे पत्ता ठेवून जावं की नाही, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी सोडवलेला मला तरी दिसला नाही. चोरी करू नये, खोटं बोलू नये, हे ठीक आहे. पण जुन्या दारावर ‘हल्ली मुक्काम अमुक’ अशी पाटी लावल्यानं आपल्या पदरात काय पडतं? आपण तर नव्या घरी चहा पीत बसलेले! फायदा व्हायचा तो भलत्याचाच, आणि तो येईल की नाही हेही ठाऊक नसतं.

माझा भाचा सांगलीला विश्रामबागेत बसून लोकांच्या वेबसाईटी बांधतो. एका हळदीच्या अडत्याची साईट त्यानं ‘जँगो’ नावाच्या चौकटीत नव्यानं उभारली. (मला हे नाव हिंदी पिक्चरमधल्या डाकूचं वाटलं होतं, निघालं जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याचं.) पानांचे पत्ते सगळे बदलले. अडत्या म्हणाला, “जुनं कशाला जपायचं?” भाचा ऐकेना.

“मामा, कुणीतरी तो जुना पत्ता वहीत लिहून ठेवला असंल. त्याला ‘४०४, सापडत नाही’ म्हणून दारातनं हाकलायचं?”

मग त्यानं तक्ता दाखवला. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. मागितलेलं पान सापडलं नाही की जँगो हा तक्ता बघतो आणि पाहुण्याला गुपचूप नव्या दारी पाठवतो. हे ३०१, म्हणजे मुक्काम कायमचा हलला. चार दिवसांपुरता हलला असेल तर ३०२. त्याची सोय वेगळी. ३०१ ऐकलं की ब्राउझर नवा पत्ता लक्षात ठेवतो, म्हणून ते विचार करून सांगावं.

हे आम्हा सातारकरांना शिकवायला नको. १९४९ साली आमच्या जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन झाले. १९६० साली ‘दक्षिण सातारा’चं सांगली झालं, ते कायमचं. आमचं ‘उत्तर’ मात्र गळालं आणि आम्ही पुन्हा नुसते सातारा. म्हणजे सांगलीचं ३०१, आमचं ३०२!

अडत्यानं तोड काढली, “सगळे जुने पत्ते पहिल्या पानावर धाडा की!” म्हणजे कुणीही कुणाचंही घर विचारलं तरी त्याला एस. टी. स्टँडवर नेऊन सोडायचं. वर म्हणायचं, आम्ही वाट दाखवली.

तक्त्यात एका ओळीची उजवी बाजू रिकामी होती. मी म्हटलं, “ही विसरलास.”

“न्हाई मामा. ते पान आता कुठंच नाही. जागा रिकामी ठेवली की जँगो ४१० सांगतो. होतं, आता नाही.”

मला कोयना आठवली. १९६०च्या दशकात धरण उभं राहिलं आणि शिवसागराखाली गावं गेली. माणसांना नवे पत्ते मिळाले, कुणाला सांगली, कुणाला सोलापूर, कुणाला पार ठाणे. पण अंगणाला, पाणवठ्याला कुठला नवा पत्ता? तिथं उजवी बाजू रिकामीच. ‘सापडत नाही’ म्हटलं की चूक शोधणाऱ्याची ठरते. ‘होतं, आता नाही’ म्हणायला मात्र ते होतं हे आधी कबूल करावं लागतं. गेलेल्याचं एवढं तरी देणं आपण लागतोच.

अडत्यानं तक्ता दोनदा वाचला आणि विचारलं, “या रिकाम्या जागेचे पैसे लावले नाहीत ना?”