माघारीचा मुहूर्त

दूरच्या हिमाच्छादित पर्वतावर जाण्याची योजना म्हणजे शिधा, दोर, तंबू आणि प्राणवायूची नळकांडी यांची यादी, असा सामान्य समज आहे. यादी हवीच, परंतु कोणत्या घटकेस आणि कोणत्या चिन्हावरून परत फिरावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरविणे हा त्या योजनेचा खरा गाभा होय.

2018 साली आदिवासी विकास विभाग व चंद्रपूर जिल्हा प्रशासन यांच्या 'मिशन शौर्य' या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे दहा विद्यार्थी एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले. वैशाखात पारा 45 अंशांपलीकडे चढतो अशा मुलखातील या मुलांना बर्फाची ओळख दार्जिलिंग व लडाख येथे करून घ्यावी लागली. मे महिन्यात त्यांपैकी पाच जणांनी शिखर गाठले. त्यांचा गौरव झाला, तो यथायोग्यच होता. पण उरलेल्या पाचांस काय म्हणावे?

हाती घेतलेले काम अर्धवट टाकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. माघारीची वेळ आधीच ठरविल्यास निश्चय ढिला पडतो, असाही आक्षेप कोणी घेईल. परंतु आठ हजार मीटरांवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या सुमारे एकतृतीयांशच असतो. तेथे पायांच्या आधी विवेक थकतो, आणि तो थकला आहे हे थकलेल्यास कळत नाही. म्हणून खाली स्वच्छ बुद्धीने दिलेला शब्द वर पाळावयाचा असतो; तो पाळणे हाच तेथला निश्चय. 1996 च्या मे महिन्यात परतीची वेळ टळल्यावरही काही जण एव्हरेस्टवर चढत राहिले. त्या वादळात आठ जण प्राणांस मुकले.

शिवाय, हा जीव एकट्याचा नसतो. 18 एप्रिल 2014 रोजी खुंबूच्या हिमप्रपातात 16 नेपाळी कामकऱ्यांचा अंत झाला. दुसऱ्यांची चढाई सुकर व्हावी म्हणून ते तेथे राबत होते. जो आपल्या हट्टाची किंमत मोजताना भारवाहकाचे घर हिशेबात धरीत नाही, त्याची योजना अपुरीच नव्हे, अन्यायाचीही आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात तेंदूपाने तोडावयास जाणारी माणसे पहाटे, जथ्याने निघतात. ऊन चढण्यापूर्वी परतावयाचे असते. वाघाचा माग दिसला, तर त्या बाजूची पाने कितीही चांगली असोत, तिकडे न जाणेच शहाणपणाचे. रिकाम्या हाताने आलेल्यास घरचे भित्रा म्हणत नाहीत; तो आला, एवढे त्यांना पुरते.

पर्वतावर निघालेल्या मुलास आपण सुशिक्षित माणसे मात्र 'जिंकूनच ये' असा आशीर्वाद देतो, आणि नकळत त्याची परतीची वाट बिकट करून ठेवतो. त्या मोहिमेतील दहाही मुले सुखरूप घरी आली. शिखराची नोंद पाचांच्या नावे झाली असली, तरी योजना ज्या कसोटीस उतरावयाची असते, तीस दहाही जण उतरले, असेच म्हटले पाहिजे.