दंड हाती, दया अंतरी

रक्षणाचे काम पत्करणाऱ्या माणसासमोर एक जुना प्रश्न नेहमीच उभा राहतो. ज्याच्या हाती शिक्षेचे सामर्थ्य आहे, त्याने दया बाळगावी काय? आणि बाळगावी, तर तिची मर्यादा कोणती? घरात बसून याचे उत्तर देणे सोपे असते. कोणी म्हणतो, नियम तो नियम. कोणी म्हणतो, गरिबावर कसला नियम चालवावयाचा? परंतु हाच प्रश्न रानातील पायवाटेवर, डोईवर मोळी घेतलेल्या माणसाच्या रूपाने समोर आला, की दोन्ही उत्तरे अपुरी पडतात.

झाशीच्या सिव्हिल लाइन्समधील एखाद्या मराठी घरातला, कायद्याचा अभ्यास करणारा तरुण उन्हाळ्याच्या सुटीत वनरक्षकांबरोबर राहून काम शिकावयास निघाला आहे, असे समजू. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी कुटुंबे नांदत आली. तेथून सुमारे १०० किलोमीटरवर शिवपुरी आहे. ती ग्वाल्हेरच्या शिंद्यांची उन्हाळी राजधानी होती, आणि माधवराव शिंदे यांच्या नावाचे माधव राष्ट्रीय उद्यान तेथेच आहे. चितळ, सांबर, नीलगाय यांचे हे रान; सख्यासागर तलावात मगरींचा वास.

प्रथम त्या तरुणास वाटते की, गस्त म्हणजे गुन्हेगार पकडणे. थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात येते की, गस्त म्हणजे मुख्यतः चालणे आणि पाहणे. आटत चाललेले पाणवठे पाहावयाचे, झुडपांतून लावलेले तारेचे फास शोधून काढावयाचे, वणव्याचा धूर दिसताच धावावयाचे आणि संध्याकाळी सारे नोंदवहीत उतरावयाचे. या कामात जीवाची हमी नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. असे काम करणाऱ्याच्या कठोरपणाला नावे ठेवण्यापूर्वी त्याच्या श्रमांची जाणीव ठेवणे अवश्य आहे.

एके दिवशी पहाटे वाटेवर एक वृद्धा भेटते. डोईवर वाळक्या लाकडांची मोळी. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून लाकूड नेण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तरुणाचे मन कळवळते. ‘‘जाऊ द्या हिला,’’ असे शब्द त्याच्या ओठांवर येतात. वनरक्षक शांतपणे म्हणतो, ‘‘अम्मा, मोळी खाली ठेवा आणि आधी सावलीत बसा.’’

येथे तरुणाच्या कळवळ्याची परीक्षा होते. जे आपले आहे ते देणे म्हणजे दान. दुसऱ्याची ठेव वाटून टाकणे म्हणजे दान नव्हे. रान वनरक्षकाच्या मालकीचे नाही. ते त्या मुक्या प्राण्यांचे आहे आणि अद्याप न जन्मलेल्या माणसांचेही आहे. शिवाय मनास वाटेल त्याला सोडावयाचे ठरले, की वाटेल त्याला पकडण्याची वाटही खुली होते. ज्या दयेला नियम नाही, ती फार लवकर पक्षपाताचे रूप घेते.

मग कठोर होणेच योग्य काय? तसेही म्हणता येत नाही. हे रान निर्व्याघ्र झाले ते मोळीविक्या म्हाताऱ्यांमुळे नव्हे. राजेरजवाड्यांच्या काळी ही शिकारीची जागा होती आणि वाघ मारणे हे शौर्य समजले जात असे. १९५० च्या दशकात राष्ट्रीय उद्यान झाले, तरी १९७० च्या सुमारास येथील रानातून वाघ नाहीसा झाला. मार्च २०२३ मध्ये बाहेरून वाघ आणून सोडण्यात आले. मार्च २०२५ मध्ये हा प्रदेश व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाला. शिवपुरी जिल्ह्यात सहरिया आदिवासी राहतात. वनोपज हा त्यांच्या उपजीविकेचा जुना आधार, आणि रक्षणासाठी यांतील काहींना आपली गावेही सोडावी लागली. बलवंतांनी केलेल्या नाशाची भरपाई दुर्बळांच्या चुलीतून होत असेल, तर दंड धरणाऱ्याने मान ताठ करून चालण्यासारखे काही नाही.

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगताना पशूंमधील मृगेंद्राचा उल्लेख करतात आणि त्याच अध्यायात दमन करणाऱ्यांच्या दंडाचाही करतात. दंड जर भगवंताची विभूती असेल, तर तो धरणाऱ्याच्या मालकीचा असू शकत नाही. तो केवळ सोपविलेला आहे. सोपविलेल्या वस्तूला तीन बंधने असतात: ती स्वार्थासाठी वापरू नये, क्रोधाने वापरू नये आणि तिचा हिशेब द्यावा.

कायद्यानेही हिशेबाचे हे बंधन मानले आहे. झडतीचा आणि अटकेचा अधिकार ठरावीक अधिकाऱ्यांनाच आहे. शिकावयास आलेल्या तरुणाला तो मुळीच नाही. पकडलेल्या माणसाला विनाविलंब दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. लहान गुन्ह्यात तडजोडीची रक्कम घेऊन प्रकरण मिटविण्याची मुभा आहे, परंतु तीही अधिकृत वरिष्ठालाच. म्हणजे दयेलाही कायद्यात जागा आहे. फक्त ती उघड्यावर, लेखी आणि सर्वांना सारखी असावी लागते.

वनरक्षक मोळी जप्त करतो, नोंद करतो, वृद्धेला पाणी देतो. तिचे वय आणि दारिद्र्य तो अहवालात लिहितो आणि तिच्या वस्तीत जळणाची दुसरी सोय नाही, हेही लिहितो. त्याच सायंकाळी मोटारीतून आलेला एक वजनदार पाहुणा वेळ टळल्यावर आत जाऊ पाहतो आणि मोठमोठी नावे सांगू लागतो. वनरक्षक तितक्याच शांतपणे त्याला परत पाठवितो. सकाळच्या कठोरपणाचा खरेपणा सायंकाळी सिद्ध होतो. मोटारीपुढे जो वाकला असता, त्याला मोळी उतरविण्याचा अधिकार उरला नसता.

तरीही तरुणाच्या मनाचे पूर्ण समाधान होत नाही आणि ते होऊही नये. वृद्धा रित्या हातांनी गेली. तडजोडीची थोडीशी रक्कमही तिला जडच. नियम यथासांग पाळला गेला, परंतु एक ऋण शिल्लक राहिले. ते वनरक्षकाचे नव्हे. ज्या समाजाला वाघ हवा आहे, त्या समाजाचे आहे. तिच्या चुलीची व्यवस्था करणे हा रक्षणावर केलेला उपकार नसून रक्षणाचाच एक भाग आहे. तो भाग टाळून जो केवळ दंडाचे कौतुक करतो, त्याने रानावरील प्रेमाचा अर्धाच हिशेब मांडला आहे.

सुटी संपते. तरुण सिव्हिल लाइन्समधील आपल्या घरी परततो. उद्या तो वकील होईल, कदाचित न्यायासनावरही बसेल. शिक्षा फर्मावताना ज्याला त्या रित्या हातांची आठवण राहते आणि त्या आठवणीने ज्याचा न्याय डळमळत नाही, त्याच्याच हाती दंड शोभतो.