पिकला की घेऊन या

एक हजान होता. बेने इस्राएल या ज्यू समाजात प्रार्थना चालवतो त्याला हजान म्हणतात. हा हजान आठवडाभर एका कचेरीत कारकुनी करायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी टोपी घालून प्रार्थनेला उभा राहायचा.

त्याचं प्रार्थनामंदिर लहान होतं. म्हातारी माणसं त्याला जुन्या सवयीनं मशीदच म्हणत. छप्पर कौलारू होतं आणि पावसात गळायचं. दर पावसाळ्यात हजान तीन बादल्या मांडायचा. त्या वर्षी पाच मांडाव्या लागल्या.

समाजाची चाळीसेक घरं होती, पण ती पांगलेली. कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला, कोणी पनवेलला. बाकीचे केव्हाच इस्राएलला गेलेले. दहा पुरुष जमल्याशिवाय ज्यूंना सामुदायिक प्रार्थना पुरी करता येत नाही. दहांच्या या जमावाला मिन्यान म्हणतात. शनिवारी सकाळी हजान दाराकडे बघत माणसं मोजायचा. सात. कधी आठ. मग सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, हेखाल नावाच्या कपाटातच राहायची.

छपरासाठी त्यानं पत्रकं काढली. मोबाइलवर निरोप पाठवले. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ असायची : जमेल तसं द्यावं. लोकांना जमलं नाही.

शेवटी त्यानं हजानपद सोडण्याचं पत्र लिहिलं, घडी करून खिशात घातलं आणि ठरवलं, एकदा शेवटचं मागून बघू. डहाणूला एक पारशी बागवाला होता. हजानच्या वडिलांचा जुना स्नेही. चिकूची मोठी वाडी, हात सढळ. एका रविवारी हजान डहाणूची लोकल धरून त्याच्याकडे गेला.

बावाजीनं सगळं ऐकून घेतलं. किती कौलं, किती वासे, सुतार किती मागतो. मग विचारलं, "दीकरा, तुला सगळे पैसे मीच द्यायचे ना?"

"द्याल तर उपकार होतील."

"डोंगर चढशील?"

हजानला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसावं.

बोर्डी-घोलवडच्या पाठीशी बाहरोटचा डोंगर आहे. पायथ्याशी एक बाई भेटली. तलासरीकडच्या पाड्यावरची, डोक्यावर लाकडाची मोळी. बावाजीनं तिला वर वाट दाखवशील का म्हणून विचारलं. तिनं मोळी झाडाच्या बेचक्यात टेकवली.

"शंभर रुपये," ती म्हणाली. "आधी."

ना तिनं मान खाली घातली, ना जमेल तसं द्या म्हटलं. हजान तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या खिशात सुटे नव्हते. बावाजीनं दिले आणि म्हणाला, "हे तुझ्या खात्यावर."

चढ खडा होता. हजान दर वळणावर थांबायचा. सत्तरीचा बावाजीही थांबायचा, पण थांबल्यासारखं दाखवायचा नाही. वाटेतलं एखादं झाड बघत उभा राहायचा. वर गुहा होत्या. आत थंडावा होता. तिघं दगडावर बसले.

बावाजी म्हणाला, "आमचं संजाण शत्रूच्या हाती पडलं, तेव्हा आमचे दस्तूर आतश घेऊन इथं आले. आतश म्हणजे आमचा पवित्र अग्नी. बारा वर्षं त्यांनी तो या डोंगरावर जपला, असं किस्सा-ए-संजाण या आमच्या जुन्या पुस्तकात लिहिलंय. दिवसाला पाच प्रहर, आणि दर प्रहराला आतशला लाकूड द्यायचं, ही आमची रीत. तू कारकून आहेस. कर हिशोब."

"लीप वर्षं धरू?"

"आमच्या पंचांगात लीप वर्ष नसतं."

हजाननं तोंडीच हिशोब केला. बारा गुणिले तीनशे पासष्ट, 4,380 दिवस. गुणिले पाच. "21,900 वेळा."

"एकदाच सगळं लाकूड टाकलं असतं तर?"

हजान काही बोलला नाही. मोळीवालीच बोलली. "मग डोंगर पेटला असता. आन दुसऱ्या दिवशी राख."

"आणि ते लाकूड कोणी आणलं," बावाजी म्हणाला, "ते पुस्तकात नाही."

बाईनं मान हलवली. तिच्या मते त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. "कोनी तरी आनलंच आसंल," ती म्हणाली. "लाकूड काय चालत येतं?"

थोड्या वेळानं बावाजीनं विचारलं, "तुमची पहिली मशीद कोणी बांधली?"

"समाजी हसाजी दिवेकरांनी. मुंबईत, 1796 साली."

"त्याआधी?"

"त्याआधी एकही नव्हती. रब्बी नव्हता, सेफेर नव्हता. कोकणात गावोगाव आमचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असायचे. लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. खवल्यांचे मासे तेवढे खायचे आणि शेमाची प्रार्थना म्हणायची, एवढंच आम्हाला आठवत होतं."

"किती वर्षं असं?"

"कोणी मोजली नाहीत. शेकडो."

"म्हणजे छप्पर नव्हतं तेव्हा तुम्ही टिकलात," बावाजी म्हणाला, "आणि गळकं का होईना, छप्पर आहे तर तू पत्र लिहून बसलास."

हजान चपापला. पत्राचं तो बोललाच नव्हता. पण सारखा खिसा चाचपणाऱ्या माणसाला फार सांगावं लागत नाही.

उतरताना बावाजीनं पुढचं सांगितलं. बाहरोटवरून आतश बांसद्याला गेला. तिथं तो चौदा वर्षं होता. नवसारीहून लोक दर्शनाला जायचे, पण पावसाळ्यात चिखलातून त्यांचे फार हाल व्हायचे. तेव्हा नवसारीचा पुढारी चांगा आसा यानं अंजुमन, म्हणजे समाजाची सभा, बोलावली आणि आतशच नवसारीला आणायचं ठरवलं. पुढे तो आणखी फिरला आणि 1742 साली उदवाड्याला आला. अजून तिथं आहे.

(हा भागच असा आहे. 1945 साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पण ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे.)

वाडीत परत आल्यावर हजान पैशांची वाट बघत बसला. बावाजीनं गड्याला हाक मारली. गड्यानं झेल्यानं चिकू उतरवून टोपली भरली. सगळे दगडासारखे कडक होते. चिकू कडकच उतरवतात; घरात ठेवला की काही दिवसांनी पिकतो.

"हे घे," बावाजी म्हणाला.

"आणि पैसे?"

"तुमचा तो मलिदा असतो ना, एलियाहू हन्नाबी या तुमच्या प्रेषिताच्या नावानं? पोहे, नारळ, फळं? त्याला चिकू चालतो की नाही?"

"चालतो."

"मग झालं."

घरी जाताना हजानला फार राग आला होता. टोपली जड होती आणि गाडीला गर्दी. मागितलं छप्पर, मिळाले चिकू. तेही कच्चे. विरार जाईस्तोवर तो मनात बावाजीशी भांडत होता. पण गाडीत उभ्या माणसाला दुसरं काही करता येत नाही, म्हणून तो चिकू मोजू लागला. त्रेचाळीस होते. घरं एकेचाळीस.

सोमवारपासून कचेरी सुटली की तो एकेका गावी जाऊ लागला. दार वाजवायचा. दार उघडणाऱ्याला वाटायचं, आला वर्गणीला. हजान पिशवीतून एक चिकू काढून हातात ठेवायचा.

"रविवारी मलिदा आहे," तो म्हणायचा. "हा तुमच्या घरचा चिकू. पिकला की घेऊन या. जोडीला मूठभर पोहे. आधी."

'आधी' हा शब्द तोंडातून कसा गेला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

कोणी हसलं. कोणी चहा दिला. एका म्हातारीनं चिकू तांदळाच्या डब्यात पुरला आणि हजानला तासभर बसवून घेऊन त्याच्या आजोबांच्या गमती सांगितल्या. एका घरी दार उघडलंच नाही. तो चिकू त्यानं उंबऱ्यापाशी ठेवला.

रविवार आला. सव्वीस घरांतून माणसं आली. एका मुलानं आपला चिकू शुक्रवारीच खाल्ला होता. तो लाजत केळं घेऊन आला. दोन चिकू अजून कडकच होते. तेही ताटात ठेवले. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलदोडा कालवला, भोवती फळं मांडली आणि एलियाहू हन्नाबीचं गाणं झालं. बायका ताटात डोकावून आपापला चिकू शोधत होत्या. सगळे सारखेच, पण प्रत्येकीला आपला ओळखू येत होता.

संध्याकाळी प्रार्थनेला हजाननं पुरुष मोजले. अकरा.

मग तो बोलायला उभा राहिला. त्यानं वर बघितलं. सगळ्यांनी वर बघितलं. "सहाशे चाळीस कौलं लागतील," तो म्हणाला. "तुमच्या घरची किती, ते सांगा. मी लिहून घेतो."

कागद हवा होता. खिशात एकच होता. त्यानं पत्राची घडी उलगडली आणि कोऱ्या बाजूला नावं लिहायला घेतली. पाच. बारा. दोन. तांदळाच्या डब्यावाल्या म्हातारीनं चाळीस सांगितली आणि वीसच दिली, पण ते नंतर.

छप्पर काही लगेच झालं नाही. पुढचा पावसाळा ताडपत्रीवर गेला. मिन्यानही दर शनिवारी भरायचं असं नाही. कधी दहा, कधी नऊ. नऊ झाले की आता दोघंतिघं आपणहून फोन करून दहाव्याला उठवायचे. त्याच्या पुढच्या मिरगाच्या आधी शेवटचं कौल बसलं. शेवटून दुसरं, खरं तर.

हजान पुन्हा डहाणूला गेला. बरोबर मलिद्याचा डबा होता. बावाजीपुढे त्यानं तो कागद ठेवला. बावाजीनं चष्मा लावून नावं वाचली. मग कागद उलटला, मागची बाजू वाचली, पुन्हा सुलटा केला आणि काही बोलला नाही.

"त्या दिवशी तुम्ही सगळं छप्पर दिलं असतं," हजान म्हणाला, "तर मी त्याच्याखाली एकटा बसलो असतो."

बावाजीनं पाकीट काढलं. "आता किती देऊ?"

"एक कौल. तेवढं ठेवलंय तुमच्यासाठी. आधी."

बावाजीनं एका कौलाचे पैसे मोजून दिले. हजाननं दुसऱ्या खिशातून शंभराची नोट काढून त्याच्यापुढे ठेवली.

"हे कशाचे?"

"मोळीवालीचे. माझ्या खात्यावर होते."

बावाजीनं नोट घेतली, उजेडात धरून बघितली आणि खिशात घातली. "कुठलं कौल माझं?"

"हेखालाच्या वरचं. डावीकडून तिसरं."

"गळायला लागलं तर कळव," बावाजी म्हणाला आणि त्यानं मलिद्याचा डबा उघडला.