नाव घालणं हा अहंकार आहे का?



'मी केलं' असं म्हणू नये, हे आपण सेवेत पहिल्या दिवसापासून ऐकतो. आरास कोणी केली, प्रसाद कोणी केला, असं कोणी विचारलं तर "सगळ्यांनी मिळून" म्हणावं. ही सवय चांगलीच आहे. पण गेली दोन वर्षं एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे, तो आज तुमच्यापुढे ठेवते. लिहिण्या-बोलण्यालाही हाच नियम लावायचा का? आपलं म्हणणं आपल्या नावाने मांडणं हा अहंकार आणि दुसऱ्याचं पुढे पाठवणं ही नम्रता, असं खरंच असतं का?

हा प्रश्न मला पुस्तकात नाही, घरात भेटला.

माझ्या मोठ्या वन्सं देवासला असतात. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबाच्या गटात मी एक मेसेज पाठवला. अमुक काढा चाळीस दिवस घेतला की साखर कायमची जाते, गोळ्या लागत नाहीत, असा. मला तो दुसऱ्या गटातून आला होता. खाली 'जनहितार्थ' असं लिहिलेलं. मी तो पूर्ण वाचलासुद्धा नव्हता. पोळ्या लाटता लाटता बोट दाबलं, झालं. वन्संनी मात्र तो नीट वाचला, वहीत उतरवून घेतला आणि गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या चक्कर येऊन पडल्या. इंदूरला आणून पाच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं.

भेटायला गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, तू पाठवलं होतंस ना, म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवला."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "वन्सं, मी लिहिलं नव्हतं हो. नुसतं फॉरवर्ड केलं होतं."

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. वाक्य खरं होतं, पण ते बोलताना मला माझीच लाज वाटली. ज्यांनी मला तो मेसेज पाठवला, त्याही हेच म्हणाल्या असत्या. त्यांच्या आधीचेही हेच म्हणाले असते. इतक्या हातांतून फिरून आलेला तो काढा, पण 'हे मी सांगतो आहे' म्हणायला एकही हात वर नाही. आणि वन्संनी विश्वास त्या मेसेजवर ठेवलाच नव्हता, तो माझ्यावर ठेवला होता. म्हणजे नाव माझंच लागलं होतं, फक्त मी ते घातलं नव्हतं.

मेसेज फार फिरतात हे ते अॅप चालवणाऱ्यांनाही कळलेलं आहे. 2018 मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 पासून, ज्याच्यावर दोन बाण दिसतात, म्हणजे जो आधीच पुष्कळ फिरलेला आहे, तो मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण ही मर्यादा संख्येची झाली. आत लिहिलेलं खरं की खोटं, हे फोन आपल्याला सांगत नाही. ते पाठवणाऱ्यानेच पाहायचं.

आणि आपण पाहत नाही. एकदा आमच्या एका गटात पु. लं.च्या नावाने लेख आला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. त्यात व्हॉट्सअॅपवर एक विनोद होता! पु. लं. 2000 साली गेले आणि व्हॉट्सअॅप आलं 2009 साली. मीसुद्धा आधी फूल पाठवलं, हिशोब नंतर सुचला.

त्या दिवाळीला माझा मुलगा हैदराबादहून आला होता. तो संगणकाच्याच नोकरीत आहे. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "आई, तू दुसऱ्यांचं एवढं पाठवतेस, मग स्वतःचं का नाही लिहीत? तुला तुझी एक जागा करून देतो." मग त्याने मला वेबची गोष्ट सांगितली. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली. त्यांनी केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचताही येत होतं आणि लिहिताही येत होतं. म्हणजे वाचणारा तोच लिहिणारा, अशी ती मूळ योजना. आणि 30 एप्रिल 1993 ला सर्नने जाहीर करून टाकलं की हे तंत्र कोणीही वापरावं, आम्हाला काही द्यायला नको. स्वतः विहीर खणायची आणि गावाला मोकळी करून द्यायची, तसंच हे. आपण मात्र त्या विहिरीवर जायचं सोडून चार-पाच मोठ्या कंपन्यांच्या अंगणात रांग लावून बसलो आहोत. तिथे काय वर दिसावं, काय खाली जावं, ते अंगणाचा मालक ठरवतो.

फुकटात मिळालेली जागा कायमची नसते, हेही त्याने सांगितलं. जिओसिटीज नावाच्या ठिकाणी लोकांनी हौसेने आपापली पानं केली होती. याहूने 2009 मध्ये ते बंद केलं. इंटरनेट आर्काइव्ह आणि काही हौशी मंडळींनी धावपळ करून बरीच पानं वाचवली, पण सगळी नाही. म्हणून त्याने मला पत्ता विकत घेऊन दिला. वर्षाला थोडे पैसे भरायचे. लिखाण एका कंपनीकडून उचलून दुसरीकडे ठेवलं तरी पत्ता तोच राहतो. घर बदललं तरी दारावरची पाटी आपलीच, असं समजा.

पाटीवरूनच गाडी अडली. "नाव काय घालू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाव नको बाई, 'एक गृहिणी' लिही. उगाच मिरवल्यासारखं होतं." तो म्हणाला, "मग उद्या तुझं काही चुकलं तर माणूस विचारायला कोणाकडे येणार?"

याला मला उत्तर देता आलं नाही. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घातली, ती मिरवायला का? जनाबाईंनी तर नाव घालताना कित्येकदा नामदेवांचंही नाव सोबत घेतलं. हे मी म्हणते आहे आणि मला हे यांच्याकडून मिळालं आहे, असं दोन्ही त्या एका नावात येतं. पुढे पाठवलेल्या मेसेजमध्ये नेमकं हेच दोन्ही नसतं. मी नाव घातलं.

नाव घातल्यावर हात आपोआप जपून चालू लागला. एकदा मी मामंजींच्या मिलच्या दिवसांबद्दल लिहीत होते. मिल नव्वद साली बंद पडली, असं मी लग्न झाल्यापासून सगळ्यांना सांगत आले. लिहिताना मात्र शंका आली. ट्रंकेतून जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या, तर शेवटची डिसेंबर 1991 ची! इतकी वर्षं बोलण्यात खपलेली चूक नावाने लिहायला बसल्यावर पहिल्या दिवशी सापडली. मेतकुटाचं प्रमाण लिहितानाही तसंच. 'अंदाजाने घाला' असं लिहवेना. मावशीला फोन केला, वाटी घेऊन मोजलं, मग लिहिलं.

आता अहंकाराचं सांगते, कारण तो आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पानावर किती जणांनी वाचलं त्याचा आकडा दिसायचा. पहिले पंधरा दिवस मी दर अर्ध्या तासाने तो बघत होते. बारा झाले, तेरा झाले. जपाला बसले तरी चित्त त्या तेरावर. शेवटी मुलाला फोन करून सांगितलं, "तो आकडा काढून टाक." त्याने काढला, आणि खरंच डोकं शांत झालं. तेव्हा मला माझ्या प्रश्नाचं उत्तर थोडं तरी मिळालं. अहंकार नावात नव्हता, मोजण्यात होता. गटात सुविचार पाठवून कोणी हात जोडले का, कोणी फूल पाठवलं का, हे मी पूर्वी बघायचेच की! तेव्हा तर माझं नाव कशालाच नव्हतं.

म्हणून आता मला वाटतं की नम्रता म्हणजे नाव लपवणं नाही. "हे मी सांगते, माझं चुकलं तर मला सांगा," असं म्हणता येणं ही नम्रता. सेवेत 'मी केलं' म्हणू नये ते श्रेय घेण्याच्या बाबतीत. जबाबदारीच्या वेळी 'मी' म्हणायलाच हवं. आपण पुष्कळदा याच्या उलट करतो.

पुढे पाठवणं बंद करा, असं माझं म्हणणं नाही. सत्संगाची वेळ, कोणाला रक्त हवं असल्याचा निरोप, हे पाठवायलाच हवं, तेही एकदा फोन करून खात्री केल्यावर. औषधाचं मात्र मी आता काहीही पाठवत नाही. आणि बाकी काही पाठवावंसं वाटलं, तर आधी दोन ओळी स्वतःच्या लिहिते की हे मी का पाठवते आहे. त्या दोन ओळी सुचल्या नाहीत तर पाठवत नाही. निम्म्याहून जास्त वेळा सुचत नाहीत, हेही सांगून टाकते.

काढ्याची ही हकिगत मी माझ्या पानावर लिहिली, माझ्या नावाने. आधी वन्संना वाचून दाखवली आणि त्यांची परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, "लिही. दुसरी कोणी तरी वाचेल." चार दिवसांनी कुटुंबाच्या गटात त्यांचा मेसेज आला. एरवी त्या रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र पाठवायच्या. त्या दिवशी चित्र नव्हतं. लिहिलं होतं, "गोळी घेतली. आज साखर बरी आहे. गच्चीत कैऱ्या वाळत घातल्या आहेत, येशील तेव्हा घेऊन जा."

मी हात जोडले नाहीत, फूलही पाठवलं नाही. फोन केला.

हा लेख माझ्याच नंबरवरून तुमच्या गटात येतो आहे. यात काही चुकलं असेल, कोणाला पटलं नसेल, तर त्याच नंबरवर जरूर सांगा.