शंकासमाधान : आजाऱ्याच्या उशाशी

ख्रिस्ती घरात कुणी दीर्घ आजाराने अंथरूण धरले की प्रार्थनेला येणाऱ्यांची रीघ लागते. वसईकडे शेजारपाजारच्या बाया संध्याकाळी रोजरी म्हणायला जमतात. नगरकडे पाळक आणि मंडळीतले वडीलधारे घरी येऊन उपासना घेतात, नारायण वामन टिळकांची गीते म्हटली जातात. येणारा प्रत्येक जण मायेपोटीच येतो. तरीही त्याच मायेच्या माणसांच्या तोंडून एखादे वाक्य निसटते आणि घरच्यांच्या मनात काट्यासारखे रुतून बसते. या वेळच्या बहुतेक शंका अशाच वाक्यांतून उपजलेल्या आहेत.

शंका : धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग आहे. प्रार्थनेला येणाऱ्या एक बाई त्याच्या खोलीतच म्हणाल्या, ‘या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय, म्हणून गुण येत नाही.’ तेव्हापासून कुणी प्रार्थनेला आले की भाऊ भिंतीकडे तोंड करून पडतो. खरेच आमचा विश्वास कमी पडतो का?

समाधान : नाही. आणि हे ‘नाही’ सर्वांत आधी त्या भावाच्या कानावर गेले पाहिजे, कारण दुखण्याचा भार तो वाहतोच आहे. वर विश्वासाचा हिशेब देण्याचा भार त्याच्यावर टाकायचा अधिकार कुणालाही नाही.

मार्कच्या शुभवर्तमानातला कफर्णहूमचा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. चौघांनी एका पक्षाघाती माणसाला उचलून आणले आणि गर्दीमुळे आत शिरता येईना म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडले. मार्क सांगतो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाने तोंडातून शब्द काढल्याचीही नोंद नाही. विश्वास वाहून आणला तो चौघांनी. त्याच पुस्तकात पुढे फेफऱ्याने पछाडलेल्या मुलाचा बाप येतो. आपला विश्वास अपुरा आहे असे तो येशूच्या तोंडावर, रडत कबूल करतो. त्याचा मुलगा बरा होतो.

प्रार्थनेला येणाऱ्या बाईंकडेही एक आधार असेल : याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय. विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील, असा त्याचा आशय. पण तिथे प्रार्थना कुणी करायची आहे, हे पाहायला हवे. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवायचे आणि प्रार्थना त्या वडिलांनी करायची. विश्वासाची झडती घ्यायचीच असेल, तर याकोबाच्या सांगण्याप्रमाणे ती येणाऱ्यांची घ्यावी लागेल.

जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप याचे की याच्या आईबापाचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर सारे ठीक होते. मग त्यांनी कारणमीमांसा सुरू केली, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो ईयोबावर नाही, त्याच्या या मित्रांवर. पौलाने देहातला काटा काढून घ्यावा म्हणून तीनदा विनवणी केली; काटा राहिला. गेथशेमाने बागेत येशूनेही तीनदा प्रार्थना केली आणि दुःखाचा प्याला टळला नाही. न फळलेल्या प्रार्थनेमागे दर वेळी विश्वासाची उणीव असते असे मानायचे ठरवले, तर तो ठपका पहिल्यांदा खुद्द येशूवर येतो. एवढे टोक गाठायला त्या बाईही तयार होणार नाहीत.

महाराष्ट्रातलेच उदाहरण पंडिता रमाबाईंचे. दुष्काळात वणवण करणाऱ्या मुलीबाळींना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला, ते सारे काम देवावर भिस्त ठेवून चालवले, मूळ भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, त्यांच्या कामाचा उजवा हात, 1921 साली चाळिशीत वारली. त्या आईने प्रार्थनेत काही हातचे राखले असेल असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल? स्वतः रमाबाईंनी एप्रिल 1922 मध्ये देह ठेवला, तोवर त्या कामातच होत्या.

शंका विचारणाऱ्या भगिनींनी त्या बाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगावे की रुग्णाच्या खोलीत असे बोलायचे नाही. चारचौघांत पाणउतारा करू नये. त्याही जीव तुटतो म्हणूनच येतात. आणि प्रार्थनेला कोण यावे, कधी यावे, हे भावाला विचारावे. त्याला नको असेल त्या दिवशी बाहेरच्या खोलीत प्रार्थना करावी.

शंका : आईने ऐंशी ओलांडली आहे, हृदय दुबळे झाले आहे. फादरांना बोलावून तेलाचा संस्कार करावा असे मला वाटते. भाऊ म्हणतो, ‘फादर दारात दिसले की आईला वाटेल, आपले दिवस भरले.’

समाधान : भावाची भीती पोकळ नाही. कित्येक शतके हा संस्कार अगदी अखेरच्या घटकेला दिला जाई, त्याची ओळखच शेवटचा अभ्यंग अशी होती. आजीआजोबांच्या वेळची ती आठवण घराघरांत आहे. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार फक्त मरणाऱ्यांचा नाही असे सांगितले, आणि पोप सहावे पॉल यांनी 1972 साली त्याचा विधी नव्याने घालून दिला. गंभीर आजार, म्हातारपणाची अशक्तता, मोठी शस्त्रक्रिया, अशा वेळी तो घेता येतो आणि प्रकृती पुन्हा ढासळली तर पुन्हाही घेता येतो. कपाळाला आणि हातांना तेल लावतात. प्रार्थनेत उठून उभे राहण्याची मागणी असते.

11 फेब्रुवारी हा कॅथलिक चर्चमध्ये जागतिक रुग्णदिन असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 साली तो जाहीर केला. त्या सुमारास अनेक चर्चमध्ये आजारी आणि वृद्ध माणसांना एकत्र बसवून हा संस्कार देतात. आईला रिक्षात बसण्याइतकी ताकद असेल, तर तिच्या वयाच्या चार बायांसोबत ती तेल लावून घेईल. भीतीला जागाच उरणार नाही. ते जमण्यासारखे नसेल तर आधी आईलाच विचारावे. म्हाताऱ्या माणसांना आपल्या प्रकृतीचे पुष्कळसे कळलेले असते. मुलांना धक्का बसू नये म्हणून तीच गप्प राहतात.

शंका : एका सभेतल्या प्रचारकाने वडिलांना मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगितले. गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास, असे त्याचे म्हणणे.

समाधान : गोळ्या बंद करू नयेत. आधी बंद केल्या असतील, तर आजच डॉक्टरांना गाठावे. पौलाच्या हातून रोगी बरे झाल्याचे प्रेषितांच्या पुस्तकात लिहिले आहे. तोच पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, त्रफिमाला मिलेत येथे आजारी अवस्थेत ठेवून पुढे निघतो आणि लूक वैद्याला आपला प्रिय सोबती म्हणतो. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत इस्पितळ उभारले, ते प्रार्थनेवर विश्वास होता म्हणूनच.

शंका : कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो, प्रार्थनेने रोगी बरे होतात याचा पुरावा दाखवा. काय उत्तर द्यावे?

समाधान : पुरावा शोधण्याचा एक मोठा प्रयत्न झाला आहे आणि त्याचा निकाल मुलापासून लपवू नये. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1,802 रुग्णांचा अभ्यास केला; तो 2006 साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी अनोळखी माणसांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे या दोन्ही गटांना ठाऊक नव्हते. त्यांच्यात फरक आढळला नाही. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे’ असे सांगितले होते. त्यांच्यातल्या सुमारे 59 टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. बाकीच्या गटांत हे प्रमाण 51-52 टक्के होते. असे का झाले, ते अभ्यासातून सिद्ध झाले नाही. ‘खास प्रार्थना करावी लागावी, इतका का मी आजारी आहे?’ या चिंतेचा भार पडला असेल, अशी एक शक्यता बोलून दाखवली गेली.

ती शक्यता श्रद्धावंतांनीही मनावर घ्यावी. ‘सगळी मंडळी तुझ्यासाठी उपास करतेय हं, आता तू बरा व्हायलाच हवास’ हे वाक्य रुग्णाला उभारी देतेच असे नाही. आपण बरे झालो नाही तर इतक्या जणांना तोंडघशी पाडू, ही धास्तीही त्यातून लागते.

चमत्कारांच्या बाबतीत तर चर्च स्वतःच हात आखडता घेते. फ्रान्समधल्या लूर्द येथे 1858 पासून लोक बरे होण्यासाठी जातात. तिथल्या वैद्यकीय कचेरीत बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी आहेत. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्यांची संख्या सत्तरच्या थोडी पुढे आहे. म्हणजे कोट्यवधी यात्रेकरू गेले तसेच परतले. तरी ते पुन्हा जातात, कारण तिथे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला मिरवणुकीत सर्वांच्या पुढे ठेवतात. मुलाला एवढेच सांगावे की प्रार्थना हे मोजून द्यायचे औषध असल्याचा दावा घरात कुणी करीत नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी देवाकडे मागितल्यावाचून राहवत नाही आणि येशूने मागायला सांगितले आहे, म्हणून आपण मागतो.

शंका : पती चार वर्षे पक्षाघाताने पडून आहेत. मला प्रार्थना करता येत नाही. देवाचा राग येतो, मग रागाचीच भीती वाटते.

समाधान : स्तोत्रसंहितेतली एक तृतीयांशाच्या आसपास स्तोत्रे विलापाची आहेत. 88 वे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. एकाही ओळीत दिलासा मिळत नाही. ज्यांनी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले, त्यांनी या भगिनींसारख्यांसाठीच ते ठेवले असावे.

इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांनी 1940 साली दुःखाच्या प्रश्नावर मोठ्या आत्मविश्वासाने पुस्तक लिहिले. 1957 साली जॉय डेव्हिडमन यांच्याशी त्यांचे धर्मविधीने लग्न लागले ते इस्पितळात, जॉय यांच्या खाटेपाशी. त्यांना हाडांपर्यंत पोहोचलेला कर्करोग होता. लग्न लावणाऱ्या धर्मगुरूने त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. जॉय सावरल्या, चालू लागल्या, 1960 च्या वसंतात दोघे ग्रीसला जाऊन आले. त्याच वर्षी जुलैत त्या वारल्या. लुईसनी त्यानंतर लिहिलेल्या टिपणांत देवावरचा संताप इतका उघडा आहे की ते पुस्तक 1961 मध्ये टोपणनावाने निघाले. त्यांनी श्रद्धा सोडली नाही, पण 1940 सालच्या सुरात ते पुन्हा बोललेही नाहीत.

या भगिनींनी प्रार्थना सध्या दुसऱ्यांवर सोपवावी. त्याहून गरजेचे आहे ते आठवड्यातून दोन दुपारी कुणीतरी पतीजवळ बसणे, म्हणजे त्यांना झोप मिळेल. अनेक कॅथलिक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद घरभेटींचे काम करतात. त्यांना तसे सांगावे. मागायला संकोच वाटत असेल, तर हे वाचणाऱ्या शेजारणीने न मागता जावे.

शंका : डॉक्टरांनी सांगितले, आता फक्त वेदना कमी ठेवता येतील. मॉर्फीन द्यायला हो म्हणणे म्हणजे आशा सोडणे नाही का? आणि बरे होण्यासाठी प्रार्थना करावी की सुखाने मरण यावे म्हणून?

समाधान : वेदना कमी करणे हा उपचारच आहे. पोप बारावे पायस यांना 1957 साली डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला होता. असह्य वेदना शमवण्यासाठी औषध द्यावे, त्याने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरी हेतू वेदनाशमनाचा असेल तर ते योग्य आहे, असे त्यांनी सांगितले. भारतात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फीन मिळणे फार अवघड झाले होते. 2014 च्या दुरुस्तीने वाट थोडी सोपी झाली. टाटा रुग्णालयातले कर्करोग शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी 1986 साली वांद्र्याला, माउंट मेरीच्या परिसरात, शांती आवेदना सदन सुरू केले. भारतातले हे पहिले हॉस्पिस. बरे न होणाऱ्या कर्करुग्णांची, कुठल्याही धर्माच्या, तिथे सिस्टर विनामूल्य शुश्रूषा करतात. आशा सोडलेल्यांनी असे घर उभारले नसते.

दोन्ही प्रार्थना एकाच श्वासात कराव्यात. गेथशेमानेत येशूने तेच केले : प्याला टळो, आणि तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. दावीद राजाने मूल जिवंत होते तोवर सात दिवस उपास करून विनवणी केली. घरातले वडीलधारे त्याला उठवायला आले, तरी त्याने मागणे थांबवले नाही. ख्रिस्ती माणसाची शेवटची आशा पुनरुत्थानाची आहे. ती डॉक्टरांच्या अहवालावर टेकलेली नाही, म्हणून अहवाल खरा आहे हे मान्य करायला भिण्याचे कारण नाही. मुले दूर असतील तर त्यांना आताच बोलावून घ्यावे.

शंका : माझे सासर हिंदू आहे. सासऱ्यांची तब्येत अत्यवस्थ आहे. त्यांच्या उशाशी प्रार्थना केली तर चालेल का?

समाधान : त्यांना विचारून. ते हो म्हणाले तर थोडक्यात, त्यांच्या भाषेत, हात हातात घेऊन करावी. नाही म्हणाले, किंवा बोलण्याच्या अवस्थेत नसले, तर मोठ्याने करू नये. आजारपणात माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याचा फायदा घेणे सुनेला शोभणार नाही. शताधिपतीचा चाकर येशूसमोर आलाच नव्हता, त्याच्यासाठीची विनंती दुरूनच झाली होती. स्वयंपाकघरात पेज ढवळताना केलेली प्रार्थनाही पुरेशी आहे. आणि सासूबाईंना उशाशी विष्णुसहस्रनाम म्हणायचे असेल, तर खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी करून द्यावी.